विस्तव

माझी शेगडी ओतीव लोखंडाची. तीन पाय तिचे स्वतःचे,
चौथा म्हणजे विटेचा तुकडा.
सत्तावीस वर्षं झाली, तो तुकडा तात्पुरता आहे.

ऑक्टोबरात ग्लोमाच्या काठावर धुकं गोठायला लागलं
की मी तिची काच पुसायला घेतो.
ओल्या वर्तमानपत्रावर चिमूटभर राख,
घासत राहायचं.
कालच्या बातम्या काळ्या होतात, काच उजळते.

धुराडं साफ करायला स्यूर येतो, वर्षातून एकदा.
छपरावरून ब्रश सोडतो, खाली माझ्या घमेल्यात
चकचकीत काळ्या खपल्या पडतात.
‘ओलं जाळलंस,’ तो वरूनच ओरडतो.
मी नाही म्हणतो.
खपल्या माझी बाजू घेत नाहीत.

सरपणाचं असं असतं,
भूर्ज मार्चात पाडायचा, पालवी फुटायच्या आत,
फोडायचा, साल वर करून रचायचा,
आणि दोन उन्हाळे त्याच्या वाटेला जायचं नाही.
मग दोन फाटी एकमेकांवर आपटायची.
ठण्ण वाजली तर वाळली.
धप्प म्हणाली तर अजून झाडच आहेत.

आणि राख तीन दिवस पत्र्याच्या बादलीत,
दगडावर, भिंतीपासून लांब.
वरून थंड दिसते. हात घालू नये.

समोरच्या उतारावरच्या ऑडलाउगबद्दलही
मी हेच सांगेन.
अकरा वर्षांपूर्वी वादळात एक भूर्ज पडला,
मुळं तिच्या हद्दीत, शेंडा माझ्या.
मी शेंडा कापून घेतला.
ती म्हणाली, विचारलं असतंस तर दिला असता.
मी म्हणालो, पडलेल्याला काय विचारायचं?
तेव्हापासून आमच्यात विस्तव जात नाही.

धूर मात्र दिसतो.
सहाला तिचा, सव्वासहाला माझा.
आधी दाट, मग विरळ, मग धुराड्यावर नुसती हवा थरथरते.
तिची बहीण मुक्कामाला आली की मला दुपारीच कळतं,
तिला सर्दी झाली की कळतं, रात्रभर जाळ असतो.
तिला माझं काय काय कळतं
ते मला कधी कळलं नाही.

जानेवारीतला मंगळवार. उणे एकतीस.
रात्रीच वीज गेलेली.
साडेसहा झाले, तिच्या धुराड्यावर नुसते तारे.
मी कॉफी प्यालो. सात.
आणखी एक प्यालो, ती नकोच होती.
सव्वासातला माझ्या लक्षात आलं
की माझ्या अंगात कोट आहे,
हातात बादली,
आणि बादलीत माझ्या शेगडीतले सगळे निखारे.

बर्फ गुडघ्यापर्यंत.
फांद्यांवरून गळणाऱ्या प्रत्येक कणाला
बादली एकेक शिवी हासडत होती.

ती शेगडीपुढे फतकल मारून बसलेली,
अंगावर घोंगडी, मांडीवर शेगडीचं निखळलेलं दार.
जिवंत होती. चिडलेली होती.
‘दाराची दोरी झडून गेली,’ ती म्हणाली.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
‘फटीतून वारा घुसतो. असा जाळ केला तर लोखंड लाल होईल.
दुसरी दोरी नाही माझ्याकडे.’
माझ्याकडे होती. घरी, खिळ्याला.
बादली तिथेच ठेवली,
गेलो, आलो.

दोरी खोबणीत बसवायला चार हात लागतात,
हे पुडक्यावर लिहिलेलं नसतं.
कुणाचं बोट कुणाच्या बोटाखाली चेमटलं
त्यावर दोघंही काही बोललो नाही.
मग तिने फावडं घेतलं, बादली रिकामी केली,
वर दोन फाटी ठेवली.
कुठल्या झाडाची, मी विचारलं नाही.
‘कॉफी?’
‘दोन झाल्यात,’ मी म्हणालो, आणि निघालो.
वाटेत स्वतःला गाढव म्हणालो.

घरी शेगडी गार.
साहजिकच.
उकिडवा बसलो, जाड लाकडं खाली, ढलप्या वर,
काडी ओढली.
विझली.
दुसरी ओढली.
समोर तिच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला होता,
आणि माझा धूर वर निघेपर्यंत
तो बाजूलाच राहिला.